फ्यूज माझ्या खिशात होता

माझ्या नातीच्या कॉलेजातल्या प्रदर्शनात त्या दिवशी यंत्र बंद पडलं, ते तिच्या मैत्रिणीच्या वायरिंगमुळे नव्हे. ते मी बंद पाडलं. एवढं एक वाक्य लिहायला मला काही वर्षं लागली.

नात डिझाइन शिकत होती आणि मैत्रीण इलेक्ट्रॉनिक्स. मैत्रीण भिलाईजवळच्या उतईची, तिचे वडीलही माझ्यासारखेच प्लांटमध्ये, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात. शेवटच्या वर्षी दोघींनी मिळून ‘भिलाईचे आवाज’ नावाचा प्रकल्प घेतला. मध्ये एक लोखंडी खांब आणि त्याच्याभोवती पोलादी पत्रे. एकाने खांबाला हात लावायचा, दुसऱ्याने एखाद्या पत्र्याला, आणि दोघांनी एकमेकांचा हात धरायचा. हात धरला की त्या पत्र्याचा आवाज स्पीकरमधून यायचा. सोडला की बंद. ओळख असो वा नसो, हात धरल्याशिवाय काही ऐकूच यायचं नाही, ही नातीची कल्पना. ते प्रत्यक्षात चालवून दाखवणं मैत्रिणीचं काम.

पहिली चाचणी आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात झाली.

“शॉक लागन काय वं?” माझ्या बायकोने विचारलं.

“नाही आजी, बॅटरीवर आहे. गुदगुल्या पण नाही होनार,” मैत्रीण म्हणाली.

“मंग पयले याईले लावू द्या,” तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

शेवटी दोघांनी मिळून लावला. लग्नाला उभा जन्म झाला, पण चारचौघांत आम्ही हात धरायची ती पहिलीच वेळ. शेजारीण फाटकातून बघत होती. बायको लाजली आणि स्पीकरमधून कुकरची शिट्टी झाली.

कुकर, सायकलची घंटी, भाजीवाल्याची हाक हे आवाज पोरींनी गोळा केले होते. प्लांटच्या आत जाऊन आवाज घ्यायची परवानगी मात्र मिळाली नाही. मी रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला नोकरी केलेली, ते सगळे आवाज माझ्या कानांत भरलेले. मी म्हटलं, तोंडाने काढून देतो. आवाज घुमावा म्हणून पोरींनी मला न्हाणीघरात उभं केलं. शिफ्टचा भोंगा, रोलरवरून लाल सळाखा धावतात ती घरघर, गरम लोखंडावर पाणी पडतं ते छर्र. क्रेनच्या घंटीला हातात पितळी थाळी होतीच.

“आबाजी, हा भोंगा आहे का बकरी?” मैत्रीण बाहेरून ओरडायची. “एकदम फिरसे!”

शेजारणीने बायकोला हळूच विचारलं म्हणे, भाऊजींची तब्येत बरी आहे ना?

प्रदर्शनाच्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. यंत्र मांडलेलं होतं, पोरी समोसे खायला गेल्या होत्या. खांबाचा एक नट ढिला दिसला. पाना माझ्या स्कूटरच्या डिकीत कायमचा असतो. पण पाना लावण्याआधी हात आपोआप बॅटरी-वायरिंगच्या डब्याकडे गेला. आमच्याकडे मशीनला हात लावायचा तर आधी तिचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा, म्हणजे आपण आत वाकलेलो असताना दुसरा कोणी ती सुरू करू शकत नाही. यात जीव वाचतात. इथे तर तळहाताएवढी बॅटरी होती, मुंगीही मेली नसती. तरी मी करंगळीएवढा फ्यूज काढला, त्याच्या रिकाम्या खोबणीची टोपी परत फिरवून लावली, फ्यूज शर्टाच्या वरच्या खिशात टाकला, नट आवळला. तेवढ्यात नातीच्या सरांनी चहाला हाक मारली आणि मी तसाच गेलो.

परीक्षक बाई आल्या. नातीने समजावून सांगितलं, बाईंनी खांबाला हात लावला, एका विद्यार्थ्याचा हात धरला. काहीच नाही. मैत्रिणीने डबा उघडला, एकेक तार ओढून पाहिली. टोपी जागेवर होती, म्हणून ती उघडून पाहायचं तिला सुचलं नाही. तिच्या कपाळावर घाम आला. मागून कोणीतरी म्हणालं, “लूज कनेक्शन!” आणि सगळे हसले.

मला राहवलं नाही. मी मागच्या काळ्या पडद्याआड गेलो आणि तोंडाने घंटी वाजवली. ठण, ठण, ठण! बाई दचकल्या, मग हसल्या. नातीने तेवढ्यात मोबाइलचा दिवा पडद्यावर मारून मला चालू ठेवायची खूण केली आणि पुढे अर्धा तास मीच यंत्र होतो. लोक हात धरायचे, मी फटीतून बघायचो आणि ओरडायचो. चौकीदाराने प्राचार्यांचा हात धरला तेव्हा मी असा भोंगा दिला की बाहेरची कुत्री रडायला लागली. रांग दारापर्यंत गेली. इतकी मजा मला नोकरीत कधी आली नव्हती.

घाम पुसायला रुमाल काढला तेव्हा बोटांना फ्यूज लागला.

तेव्हाच बाहेर येऊन सांगायचं होतं. टाळ्या वाजत होत्या, मी सांगितलं नाही. पहिला नंबर आला, ‘जिवंत आवाज’ या कल्पनेला. मैत्रिणीला बाई म्हणाल्या, “कल्पना सुंदर, तांत्रिक बाजू कच्ची.” सामान ऑटोत भरताना मी गुपचूप फ्यूज जागेवर बसवला. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात यंत्र छान चाललं. हे तर आणखी वाईट झालं. आपोआप बंद आणि आपोआप सुरू, असा फॉल्ट माणसाचा स्वतःवरचा विश्वास खाऊन टाकतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

वर्गात तिचं नाव ‘लूज कनेक्शन’च पडलं. पुढे तिने कॉम्प्युटरपुढे बसायची नोकरी धरली. तारा जोडायचा सोल्डरिंग आयर्न आमच्याकडेच ठेवून गेली, परत मागितला नाही.

गेल्या गणपतीत मंडळाने तेच यंत्र मांडवात मागितलं. नातीने मैत्रिणीला बोलावलं. ती आली, पण सोल्डरिंग आयर्नला हात लावेना.

“मी रंग देते. वायरिंगले दुसरं कोनी पाहा. माझ्या हाताले यश नाही.”

हे मला ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं, खिसा दाखवून सांगितलं. नातीच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. मैत्रिणीने रंगाचा ब्रश खाली ठेवला.

“आबाजी, फ्यूज काढला त टॅग कावून नाही लावला?”

प्लांटवाल्याचीच पोरगी ती. फ्यूज काढला की तिथे लाल टॅग लटकवायचा, काम चालू आहे, हा नियमाचा दुसरा अर्धा भाग. तोच मी विसरलो होतो.

“माझे बाबा घरचा पंखा पुसताना पन मेन स्विचले कागद लावते,” ती म्हणाली आणि एकदम हसत सुटली. हसता हसता तिने डोळे पुसले. “तीन वर्ष मी सपन्यात तारा मोजून राहिली, आबाजी!”

“मले तवाच शक होता,” बायको आतून म्हणाली. “बक्षिसाचा पेढा याईनं खाल्लाच नवता.”

मैत्रिणीने शिक्षा दिली. तिच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर मी माझ्या आवाजात निरोप पाठवायचा. मी पाठवला: लूज कनेक्शन मी होतो, तिची एक तारही ढिली नव्हती. आधी भोंगा वाजवला, मग हे बोललो. दिवसभर फोन वाजत राहिला. तोवर तिने सोल्डरिंग आयर्न तापवायला लावला होता.

मांडवात यंत्र दहाही दिवस चाललं. डब्याला तिने लाल टॅग बांधला होता, ‘आबाजी, हात लावू नका.’ म्हणून मी फक्त पत्र्यालाच हात लावला. बायकोने खांब धरला, दुसऱ्या हाताने माझा हात धरला, आणि न्हाणीघरातला माझा भोंगा वसाहतीच्या सगळ्या सेक्टरभर वाजला.