तात्यांच्या गाईची फांदी

आष्ट्याजवळच्या आमच्या गावात लाळ्या-खुरकूत आली आणि वासरं पटापट मरायला लागली. सगळ्यांनी बोट दाखवलं ते माझ्या चुलत्यांकडं, तात्यांकडं. सीमेपलीकडच्या बाजारातून नवी गाय त्यांनीच आणलेली. हौदावर त्यांच्या जनावरांचं पाणी बंद झालं.

मी साताऱ्याला प्रयोगशाळेत विषाणूंची वंशावळ लावते. गावातले नमुने आमच्याकडंच आले होते. तात्यांचा फोन आला, "लोक काय बी बोलत्यात. तू शिकलेली हाईस, तू सांग. माझ्या गाईनं आणला का?"

विषाणूच्या जनुकातली अक्षरं बदलत जातात. त्यावरून कोण कुणापासून आलं याचं झाड काढता येतं. पण ती कशी बदलतात हे आधी धरून चालावं लागतं, त्यालाच आम्ही मॉडेल म्हणतो. मी सगळ्यात साधं घेतलं, सगळी अक्षरं एकाच वेगानं बदलतात असं मानणारं. प्रत्यक्षात काही जन्मात हलत नाहीत, काही सारखी बदलत राहतात, हे मला कॉलेजपासून ठाऊक. पण झाडात तात्यांची गाय थेट बुडाशी बसली. गाव म्हणत होतं तेच निघालं म्हटल्यावर मी पुढं बघितलंच नाही. मला मेलीला कसली घाई होती कोण जाणे.

"तात्या, तुमच्याच गाईपासनं दिसतंय," मी फोनवर सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले. रोग ओसरल्यावर त्यांनी त्या गाईसकट गोठ्यातली सगळी जनावरं विकून टाकली.

पुढं अहवाल लिहायचा म्हणून सोळा मॉडेलं ताडून बघितली. अक्षरागणिक वेगळा वेग धरणारं मॉडेल कितीतरी सरस निघालं. त्यात तात्यांची गाय बुडाशी नव्हतीच. गावातल्या जनावरांच्या फांदीच्या टोकाला होती. तिला रोग गावातच लागला होता.

दुसऱ्या दिवशी एसटीनं गेले. तात्या मोकळ्या गोठ्यात दावणीच्या कडेला बसले होते. मी कागद पसरून सगळं सांगितलं, रडलेसुद्धा. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ह्या बारीला किती बघितलीस?"

"सोळा."

"आन् तवा?"

"एकच."

तात्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"आगं, म्हायती न्हाई म्हणाली असतीस," ते म्हणाले, "तरी मी गाय ठिवली असती."