उलटं ढवळलेला डबा

रंगाच्या दुकानात रंग मिसळून देणाऱ्या बाईला सगळे थेंबताई म्हणत. पांढऱ्यात किती थेंब निळे, किती पिवळे, हे ती नुसत्या नजरेने सांगायची. बावीस वर्षं हेच काम, आणि गिऱ्हाइकाची फिरकी घ्यायची खोडही तितकीच जुनी.

एका सकाळी निवृत्त वकीलसाहेब कालच नेलेला डबा घेऊन तणतणत आले. "बायकोला पांढराच हवाय. यातला निळा काढून द्या."

"मिसळलेला रंग निघत नाही, साहेब."

"न निघायला काय झालं? तीस वर्षं घटस्फोटाचे खटले लढवलेत मी. एकत्र आलेलं वेगळं होतंच!"

ताईने चेहरा गरीब गाईसारखा केला. "मग असं करा. मी उजवीकडून ढवळला होता, तुम्ही डावीकडून ढवळा. हात मात्र थांबवू नका."

वकीलसाहेबांनी बाह्या सरसावल्या. अर्धा तास काठी गरागरा फिरत होती. मालक हसू लपवायला आतल्या खोलीत पळाले. निळा काही निघेना. उलट कडेला उरलेली एक निळी रेघ होती, तीसुद्धा विरघळली.

"फसवलंत मला!"

"खटल्यात दोघंच असतात हो. इथे कोट्यवधी कण. त्यांना विखरून राहायला वाटा अगणित. निळे एकीकडे, पांढरे एकीकडे जमायच्या अगदी मोजक्या. बंदी कुणाचीच नाही, पण त्यांचं जमेपर्यंत तुम्हीही नसाल आणि मीही."

"आणि माझा अर्धा तास?"

"तोही गेला. त्याचीही वाट एकाच दिशेची."

एवढ्यात त्यांच्या तळहातावरचा फोड दिसला आणि ताई वरमली. पट्टी लावून दिली, डब्यात पिवळे थेंब सोडले. "मागे जाता येत नाही, पुढे जाऊ." रंग कोवळा हिरवा झाला. साहेब पुटपुटत निघून गेले. ताईला मात्र दिवसभर घास गोड लागेना. वकील माणूस, नोटीस धाडली म्हणजे?

दुसऱ्या दिवशी दारात त्यांची बायको उभी. ताईने आधी त्यांच्या हातात नोटीस आहे का ते पाहिलं.

"हिरवा चालेल," बाई म्हणाल्या. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "निवृत्त झाल्यापासून दिवसभर माझ्या मागे मागे असतात. अर्धा तास एका जागी बसवलंत तुम्ही त्यांना! रोज पाठवू का?"