ड्रायव्हर म्हणाला, ओले

उर्दूची मला फार घमेंड होती. हैदराबाद संस्थानात शिकलो ते उर्दूतून, नोकरी लागली ती मंठ्याच्या कचेरीत, आणि दिवसभर कागद काळे करायचे तेही उर्दूतच. गारपिटीनं पिकं गेली की गावोगावचे अर्ज माझ्याकडे येत आणि त्यांवर मी झोकात ‘झालाबारी’ असं लिहीत असे. गारपिटीला सरकारी कागदात हाच शब्द चाले. माणसं आपापल्या घरात काय म्हणतात, हे विचारायची मला कधी गरज वाटली नाही.

महायुद्ध चालू होतं, पेट्रोल मिळेनासं झालं होतं. माघात बायकोला सातवा संपत आला आणि पहिल्या बाळंतपणासाठी तिला जालन्याला माहेरी पोचवायचं ठरलं. बैलगाडीचे हादरे नकोत म्हणून मी एका कापसाच्या व्यापाऱ्याची मोटार मागून घेतली. मागे भट्टी बसवलेली, कोळशाच्या गॅसवर चालणारी ती गाडी चढ आला की दम्याच्या माणसासारखी खोकायची. ड्रायव्हर पन्नाशीतला, मुसलमान, अगदी मितभाषी. मी त्याला चाचा म्हणायचो, तो मला साब.

सकाळी निघालो. दुपारी एका कडुलिंबाखाली भाकरी खाल्ली आणि पुन्हा गाडीत बसतो तोच उत्तरेकडून आभाळ काळंनिळं होऊन आलं. वारा एकदम गारठला. ड्रायव्हर हात कपाळावर धरून लांब बघत राहिला.

“साब, आगे ओले है. यहींच ठहर जाते.”

मी ऐकलं ते असं, की पुढे ओलं आहे. भिजायला होईल म्हणून हा गडी घाबरतो! मी हसलोच. म्हणालो, “ओले है तो क्या हुआ? हम क्या मिट्टी के है? जल्दी चलो.”

बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि ती गप्प बसली. ड्रायव्हरनं माझ्याकडे दोनदा पाहिलं. मग भट्टीत कोळसा घातला आणि गाडी काढली.

अर्धा कोस गेलो नसू. आधी बोरांएवढ्या, मग लिंबांएवढ्या गारा कोसळायला लागल्या. टपाची कनात फाटली. काळ्या मातीच्या मुलखात पांढरा रस्ता मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. खळ्यात सांडलेल्या ज्वारीवरून पाय सटकावा तशी गाडी सटकली, बाभळीवर आदळली आणि रस्त्याकडेच्या चारीत कलंडली. ड्रायव्हरचं कपाळ फुटलं, माझं मनगट दुखावलं. बायकोचं पोट पुढच्या बाकाच्या दांड्यावर आपटलं.

ती स्वतःच बाहेर आली, उभी राहिली. मला वाटलं, निभावलं. मग ती हळूच म्हणाली, “पोटातलं हलून न्हाई राह्यलं.”



ड्रायव्हरनं अंगातला जाड कोट काढून तिच्या डोक्यावर धरला. शेतात जवळच एक आखाडा दिसत होता, कुडाची झोपडी आणि गुरांचा मांडव, तिथपर्यंत आम्ही तिला धरून नेलं. आखाड्यावरची म्हातारी दारातच उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर हुरड्याला आलेली ज्वारी साफ आडवी झालेली. पण बायकोकडे पाहताच ती ज्वारीकडे पाठ करून म्हणाली, “आत ये माय.” तिनं बायकोला घोंगडीवर कुशीवर निजवलं, आगटी पेटवली, गुळाचं पाणी तापवलं. मला म्हणाली, “तुम्ही भाईर व्हा. इथं तुमचं काय काम न्हाई.”

तोवर गारा थांबल्या होत्या. भीती वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. मी ड्रायव्हरवर तुटून पडलो. “गारा दिसत होत्या, तर सांगायचं नव्हतं?”

तो कपाळाला फडकं दाबून बसला होता. म्हणाला, “बोला ना साब. ओले बोला.” मग त्यानं पायापाशी पडलेली एक गार उचलून माझ्यापुढे धरली. “ये. इसीकोच तो ओले बोलते.”

त्याच्या तळहातावर ती गार विरघळत होती आणि मी बघत होतो. “आप उर्दू के आदमी,” तो म्हणाला, “मैं समझा, साब सोच के बोलरे.”

किती वेळ गेला कोण जाणे. तो बसल्या जागी दुआ मागत होता; मी, ज्याला देवाची आठवण फक्त सणाला व्हायची, मनात देवाला नुसतं “चुकलं, चुकलं” म्हणत होतो.

आतून म्हातारीची हाक आली. मी धावलो. बायको रडत होती आणि हसतही होती. “हललं,” ती म्हणाली, “दोनदा. चाचांना सांगा आधी.” मी दारातूनच ओरडलो. (चैत्रात मुलगी झाली. पुढे तिनं मला उलट उत्तरं देण्यात कधी हयगय केली नाही.)

मग मी बायकोजवळ बसून सगळं कबूल केलं. म्हणालो, मला शब्दच कळला नव्हता.

“मला कळाल्तं,” ती म्हणाली. “जालन्याला आमच्या गल्लीत समदे ओलेच म्हणतात.”

“मंग बोलली का न्हाईस?”

“चाचांसमोर तुमची उर्दू चुकली म्हणू?”

क्षणभर तिचाच राग आला. मग लक्षात आलं, की हिला गप्प बसायला शिकवलं कुणी? दोन वर्षांत ती काहीही बोलायला लागली की मी वाक्य मध्येच तोडायचो. माझा तोरा राखायला हिनं पोटातलं लेकरू पणाला लावलं होतं. मला रडू आवरेना.

उन्हं उतरताना शेजारच्या शेतातल्या लोकांनी बैल लावून गाडी सरळ केली. ड्रायव्हर दाराशी येऊन म्हणाला, “गाडी चलती है. निकलेंगे, साब?”

माझं तोंड सवयीनं उघडलं. मी ते मिटलं आणि बायकोकडे बोट केलं. “इनको पूछो.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, खरंच विचारतोय का याची खात्री करून घेतली. मग कोपरावर रेलून उठली आणि थेट ड्रायव्हरशी बोलली, “नक्को चाचा. रास्ता सूखने दो. आज यहींच रहते, सुबू देखेंगे. आपके माथे को पट्टी बांधे क्या?”

माझ्यापेक्षा कितीतरी सहज. लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि तिला उर्दू बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.