फुकटचा कर्णा

बारामतीच्या आमच्या घरात पुढच्या दोन खोल्यांत लाऊडस्पीकरवाला भाडेकरू होता. इंदापूरपर्यंतच्या लग्नांत त्याचा कर्णा वाजे. लग्न नसेल त्या दिवशी तो आमच्याच पडवीत कर्णा तपासून बघे. सकाळपासून तबकड्या, आणि मधेमधे गृहस्थाचं स्वतःचं "हॅलो, हॅलो". त्या आवाजाची मला किळस यायची.

आत वडील अंथरुणाला खिळलेले. छातीचं दुखणं, यांना झोप हवी, असं डॉक्टरांनी बजावलेलं. कर्णा सुरू झाला की ते दचकून उशी कानावर ओढायचे. मी हात जोडून सांगितलं, तर भाडेकरू म्हणाला, "धंदा हाय माझा, बाई. पोटावर पाय देऊ नका."

मग मी वकील गाठले. शाळेत शिकवणारी बाई कोर्टाची पायरी चढते म्हणून लोकांनी नावं ठेवली, ठेवोत बापडे. वकील म्हणाले, "त्याचं सामान रस्त्यावर टाकायचं मनातसुद्धा आणू नका, तुम्हीच अडकाल. शेजाऱ्यांना उपद्रव होतो हे सिद्ध झालं, तर कायद्यानं जागा खाली करून मिळेल. पण तुमचं एकटीचं कोण ऐकणार? मालकाला भाडेकरू नकोच असतो. शेजारी साक्षीला आणा."

शेजाऱ्यांना काय तोटा! रोज आमच्याच ओट्यावर बसून ते भाडेकरूच्या नावानं बोटं मोडायचे. समोरचे आबा तर म्हणाले, "कान किटलं आमचं. कवाबी बोलव पोरी, येतो."

त्याच सुमाराला आबांच्या धाकटीचं लग्न ठरलं. आमच्या गल्लीत मांडव पडला की भाडेकरू कर्णा फुकट बांधायचा, ही त्याची रीत. आणि मांडवावर कर्णा नसेल तर लोकांना लग्न लागल्यासारखंच वाटायचं नाही!

तारखेला आबा नवा फेटा बांधून कोर्टात आले. शपथ घेतली आणि म्हणाले, "आवाज? आमास्नी काय तरास न्हाय, सायेब. उलट करमणूक हुती."

बाकीचे शेजारी फिरकलेच नाहीत. त्यांच्याही घरी कार्यं होती. दावा फेटाळला गेला. बाहेर आल्यावर आबा मला म्हणतात, "रागावू नगंस. लेकीचं लगीन एकदाच हुतं." मला शिसारी आली. त्या नव्या फेट्याकडे बघवेना.

वडील त्याच लग्नसराईत गेले. त्या दिवशी कर्णा वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दुपारी पडवीत माशीचा आवाज ऐकू यायला लागला.

आबा भेटायला आले. ओट्यावर बसून आईला म्हणाले, "भाडेकरू तुमचा सुभावानं चांगला हाय बघा. तेराव्यापातुर वाजवायचं न्हाय म्हणाला. एवढं कोण करतं?" बरोबरच्यांनी माना डोलावल्या. मला त्या सगळ्यांना ओट्यावरून उठवून लावावंसं वाटलं.

आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "ह्यास्नी जित्तेपणी अशी एक दुपार दिली असती, आबा, तर घटकाभर झोपलं असतं."