तिथं दार होतं

वाळूजच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं क्वालिटी विभागात काढली. बाहेरून ऑडिटर आले की त्यांना शहरात नान-खलिया खायला न्यायचं काम माझ्याकडं. कामात मला कुणी फारसं हुशार समजत नव्हतं, पण जेवण लांबवण्यात माझा हात धरणारा दुसरा नव्हता. आम्ही हाडं चोखत बसायचो आणि तिकडं रिजेक्ट माल मागच्या शेडमध्ये सरकवून भिंतीला रंग मारून पोरं मोकळी व्हायची. परत आलेले ऑडिटर ढेकर देत सही करायचे. या कर्तबगारीचा मला एवढा अभिमान, की घरातल्या प्रत्येक लग्नात मी हा किस्सा सांगितलाय. एका लग्नात तर दोनदा.

म्हणूनच गेल्या वर्षी टीव्हीवर ती बातमी आली तेव्हा सगळ्या घरात मी एकटाच घाबरलो. वाळवंटातला एक देश, माझा भाचा तिथं रंगकामाला गेलेला. त्या देशात चोरून शस्त्रं बनवतात असा संशय होता, म्हणून तपासायला बाहेरून पथक आलेलं. त्या पथकाला एका कारखान्याच्या फाटकावर चार तास उभं करून ठेवलं होतं. तपासू दिलं नाही तर हल्ला करू, असं मोठ्या देशांनी आधीच बजावलेलं. बातम्या देणारी मुलगी 'चार तास' असं अगदी सहज म्हणाली. चार तासांत काय काय होतं ते मला विचारा.

भाच्याला शुक्रवारी सुट्टी असायची. शुक्रवारी दुपारी मी गारखेड्याला ताईकडं जेवायला जायचो आणि जेवणं झाली की त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. तो दरवेळी एकाच जागी बसलेला असे, त्यांच्या खोल्यांसमोर असलेल्या कंपनीच्या लांबलचक शेडच्या सावलीत. मागं पाण्याची टाकी, एक वाकडा पाइप आणि हिरवं लोखंडी दार.

त्या शुक्रवारी दार नव्हतं.

टाकी होती. पाइप होता. मधे सपाट भिंत, आणि तिच्यावर जुन्या भिंतीवर असते तशी धूळसुद्धा.

"अरे, तुझ्या मागं दार होतं ना?"

भाच्यानं मागं वळून पाहिलं नाही. त्यानं बाजूला पाहिलं, तिथं कुणी उभं असल्यासारखं. "कुठं मामा? इथं दार कधीच नव्हतं."

"हिरवं रे, लोखंडी..."

"नव्हतं म्हन्लं ना." आणि तो हसला, नुसत्या तोंडानं.

"ह्याचं काय ऐकतो," ताई मधेच म्हणाली, "ह्याला कपाळावरचा चष्मा सापडत नाय, तुझ्या तिथलं दार काय दिसनार!"

तेवढ्यात भाच्यानं दाढी खाजवली. त्याची नखं राखाडी रंगानं भरलेली होती, सुट्टीच्या दिवशी.

फोन ठेवल्यावर मी ताईला म्हणालो, "त्याला बोलावून घे."

"का बरं?"

"ते काहीतरी लपवतायत, आणि ते त्याच्याकडून लपवून घेतायत. उद्या बॉम्ब पडला तर त्याच्या खोलीसमोर पडंल."

"तुला लई कळतं!"

"दुसरं काही कळत नाही ताई, एवढंच कळतं."

फोनवर खरं कारण सांगायची सोय नव्हती. म्हणून ताईला आजारी पाडायचं ठरलं. "पाड बाबा," ती म्हणाली, "पण छातीत दुखतंय म्हण. शुगर म्हणू नको, मी चोरून जिलबी खाते ते त्याला माहीतंय." मग पदरानं तोंड पुसून हळूच म्हणाली, "असलं खोटं बोलू नाय पण. खरं होऊन बसतं."

दहा दिवसांनी भाचा आला. आई धडधाकट बघून आधी चिडला, मग रडला, मग तीन भाकरी खाल्ल्या. ताई आत गेल्यावर मी विचारलं, "दार होतं ना रे?"

"व्हय. विटा लावून बुजवलं. वरनं प्लास्टर, रंग. नवं दिसू नाय म्हणून आमच्याकडनंच धूळ फासून घेतली."

"आत काय होतं?"

"काहीच नाय."

"म्हणजे?"

"रिकामी खोली, मामा. बुजवायच्या आधी मीच झाडून घेतली. एक खुर्चीपण नव्हती." तो ताटातल्या चटणीत बोट फिरवत राहिला. "दिवा तेवढा बंद करायचा राहिला. बटन आत. दोन दिवस खालच्या फटीतनं उजेड यायचा. मग ती फटपण भरायला लावली."

"म्हणजे अजून चालू असंल?"

"असंल की."

त्या रात्री मला झोप लागली नाही हे सांगायला नकोच. माल लपवणारी माणसं मला कळतात, मी त्यांच्यातलाच. रिकामी खोली लपवणारी माणसं मला कळत नाहीत.

पुढं पथक हात हलवत निघून गेलं, धमक्या चालू राहिल्या, समुद्रात जहाजं येऊन उभी राहिली. युद्ध मात्र झालं नाही. कंपनीनं भाच्याला परत घेतलं नाही. आता तो औरंगपुऱ्यात दुकानांची शटरं रंगवतो, आणि ताई मला वाढताना विचारते, "काय म्हणतंय तुझं युद्ध? निघालं का घरून?"

मी हसतो आणि टीव्ही लावतो. रोज लावतो. भीतीपोटी लावतो असं माझं मलाच वाटत होतं.

मागच्या आठवड्यात बातमी आली की बोलणी सुरू झाली, पथकाला आत सोडणार. शेजारी भाचा त्याच्या जुन्या सोबत्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होता. नांदेडचा पोरगा, अजून तिकडं त्या शेडसमोरच्या खोल्यांतच राहतो. मला बघून त्यानं हात केला, "सलाम मामू! तबियत ठीक ना?"

मीही हात केला.

"तोंड का पाडलं रे?" ताईनं विचारलं. "मिटतंय तर चांगलंच हाय की."

"चांगलंच आहे," मी म्हणालो.

तो पोरगा अजून हसत होता. इतके दिवस मी युद्धाची वाट बघत होतो, ताईसमोर एकदा माझं खरं ठरावं म्हणून, हे त्याच्या तोंडाकडं बघताना मला कळलं.