चिमूटभर युरिया

कृषी केंद्रात युरियाचं पोतं फुटलेलं असलं की त्या उग्र वासाने मला चिखलीतल्या भाड्याच्या दोन खोल्या आठवतात. शाळेतल्या नोकरीसाठी मी तिथे एकटाच राहायचो आणि खिडकीत दवबिंदूचं, म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांत किडे पकडणाऱ्या झाडाचं, बी पेरलं होतं. बी कसलं, बोटाला चिकटणारी काळी भुकटीच. तिला मातीने झाकायचं नाही, बोअरचं खारं पाणी द्यायचं नाही, म्हणून मी बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाण्याचा कॅन आणून कुंडीखालच्या ताटलीत ओतायचो. शेजारच्या काकू रोज संध्याकाळी खिडकीशी येऊन विचारायच्या, "निंघालं काय हो सर?" शाळा सुटल्यावर माझ्याशी बोलणारं तेवढंच माणूस होतं. दीड महिन्याने टाचणीच्या डोक्याएवढी अकरा रोपं दिसली, ती मी आधी त्यांनाच दाखवली. पुढे चार दिवस गावी जाताना किल्ली त्यांच्याकडे दिली. परत आलो तर रोपं काळी पडलेली आणि कुंडीला तो वास. "चिमूटभरच टाकला युरिया," काकू कौतुकाने म्हणाल्या, "लेकरं लयच बारीक दिसून राह्यले होते." या झाडांना खत म्हणजे विष, हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. तरी ओरडलो, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला?" त्यांनी किल्ली खिडकीत ठेवली आणि गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. आता माझं स्वतःचं घर आहे, यंदा चाळीसेक रोपं उगवली आहेत. निंघालं काय, असं अजून कोणी विचारलेलं नाही.