पंप लावला तेव्हा ती हवी होती

मला डायबिटीस झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आता अठ्ठेचाळीस. मधली छत्तीस वर्षं मी रोज स्वतःच्या हाताने स्वतःला टोचत आले. आधी आई काचेची सिरिंज उकळून द्यायची, मग प्लॅस्टिकच्या आल्या, मग पेनं आली. आणि गेल्या वर्षी पंप आला.

पंप म्हणजे हातात मावेल एवढी डबी. तिच्यातून एक बारीक नळी निघते आणि पोटावर चिकटवलेल्या पट्टीतून आत जाते. दंडावर वेगळा सेन्सर. सेन्सर दर पाच मिनिटांनी साखर किती ते पंपाला कळवतो आणि पंप त्याप्रमाणे इन्सुलिन कमी-जास्त करतो. मी फक्त जेवायच्या आधी काय आणि किती खाणार ते सांगायचं. मी शाळेत मराठी शिकवते आणि रोज साडी नेसते, त्यामुळे पहिला प्रश्न डबी ठेवायची कुठे हा होता. तो मी परकराला आतून खिसा शिवून सोडवला. पुढचे प्रश्न एवढे सोपे नव्हते.

पंप कसा वापरायचा ते शिकवायला कंपनीची एक मुलगी घरी यायची, माझ्या विद्यार्थिनींपेक्षा फार मोठी नसेल. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली, "मॅडम, आता तुम्ही हे त्याच्यावर सोडून द्या."

"सोडून कसं देऊ? इतकी वर्षं मीच सांभाळलंय."

"म्हणून तर म्हणते. आता त्याला थोडं सांभाळू दे."

मला जमेना. शिक्षकखोलीत बसले असताना स्क्रीनवर खाली जाणारा बाण दिसला की मी पर्समधली बिस्किटं काढायची. पंपाने इन्सुलिन आधीच थांबवलेलं असायचं, त्यात माझी चार बिस्किटं. तासाभरात साखर अडीचशेच्या वर. मग घाबरून मी जास्तीचा डोस द्यायची आणि साखर परत खाली. त्या मुलीने सगळे आकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "तुम्ही दोघं एकमेकांशी भांडताय."

नववीच्या वर्गात एकदा कविता चालू असताना पंप वाजला. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा फोन."

"फोन नाही, माझं स्वादुपिंड आहे," म्हटलं. "तू पुढची ओळ वाच."

हळूहळू भांडण मिटलं. बिस्किटं पर्समध्ये मऊ पडायला लागली. आणि तिसऱ्या महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी पाहते तर फोनच्या स्क्रीनवर साखरेची सकाळपासूनची रेघ जवळजवळ सरळ. दुपारी थालीपीठ खाल्लं होतं, वर दही, तरी सरळ. असा दिवस मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. अहो पोह्यांसाठी कांदा चिरत होते. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "छान!"

ते मनापासूनच म्हणाले. माणूस चांगला आहे. मला बघायला आले तेव्हा डायबिटीसचं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं होतं, "तुम्हाला चक्कर आली तर मी काय करायचं?" त्याआधी आलेल्या सहाही जणांना हा प्रश्न सुचला नव्हता. पण त्या शनिवारी "छान" ऐकून मी तशीच उभी राहिले. सरळ रेघ म्हणजे काय, हे ज्याला सांगावं लागणार नाही असं माणूस मला हवं होतं. तसं माणूस आयुष्यात एकच होतं, आणि चोवीस वर्षांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

आमची ओळख नारायण पेठेतल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात झाली. लहान मुलांना दर शनिवारी बोलवायचे. ती माझ्याच वयाची, त्याच पेठेत राहणारी, दोन घट्ट वेण्या घालणारी. पहिल्या दिवशी तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तूपण साखर कारखाना?"

तेव्हा बोटातून रक्त काढून तपासायची यंत्रं आमच्या घरांपर्यंत आली नव्हती. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळंच राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर ठीक, मग पिवळं, नारिंगी, आणि विटकरी झालं की घरात सगळ्यांचे चेहरे पडायचे. संध्याकाळी ती शेजाऱ्यांच्या फोनवरून आमच्या शेजाऱ्यांकडे फोन करायची. "आज हिरवा. तुझा?" "नारिंगी." "लाडू खाल्लास." "अर्धाच." एवढंच बोलणं. ज्यांच्याकडे फोन होता त्या काकू आईला म्हणाल्या होत्या, "तुमची लेक रोज कसले रंग ठरवते हो? परकर-पोलक्याचे?"

कॉलेजात असताना आम्ही बसने खडकवासल्याला जायचो. एकदा कणसं भाजून घेतली आणि खायच्या आधी धरणाच्या भिंतीच्या आडोशाला बसून दोघींनी इंजेक्शनं घेतली. ती माझ्यासाठी ओढणी धरून उभी राहिली, मग मी तिच्यासाठी. एक बाई थांबून बघायला लागल्या. ती त्यांना म्हणाली, "तिकीट नाही, बघा निवांत." मी इतकी हसले की सुई वाकडी गेली. डायबिटीस म्हटलं की लोकांना पथ्य आठवतं. मला ते हसणं आठवतं.

चोविसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं, अमरावतीला. तिच्या घरच्यांनी मुलाकडे डायबिटीसचं सांगितलं नव्हतं. लग्नाच्या आठ दिवस आधी ती कोथरूडला आमच्या घरी आली. खुर्चीत बसलीच नाही.

"तू लग्नाला येऊ नकोस."

मला वाटलं चेष्टा करते आहे.

"तुझं सगळ्यांना माहीत आहे," ती म्हणाली. "तू जेवायच्या आधी इंजेक्शन घेणार. कोणीतरी विचारणार, ही मैत्रीण कुठली? तुझ्याकडे पाहिलं की माझं कळतं. फोनपण करू नकोस."

मी हो म्हटलं. ती जिना उतरून गेली. मी लग्नाला गेले नाही, फोनही केला नाही. रागावले होते. पुढे राग गेला, पण तोवर फोन करायची सवयही गेली होती.

त्या सरळ रेघेच्या दिवसानंतर आठवडाभर मी विचार केला आणि पुढच्या शनिवारी रिक्षा करून नारायण पेठेत गेले. तिचं माहेरचं घर पाडून तिथे इमारत झाली होती, पण पाटीवर आडनाव होतं. दार तिच्या वहिनीने उघडलं.

"कोण हवंय?"

"मी तुमच्या नणंदेची मैत्रीण. दवाखान्यातली."

"हळू बोला," त्या म्हणाल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्या जरा ओशाळल्या. चहा केला, बिनसाखरेचा, न विचारता. निघताना नंबर दिला. "दोन ते तीनच्या मध्ये करा. तेव्हा तिच्या सासूबाई झोपतात."

दुसऱ्या दिवशी दोन वाजून पाच मिनिटांनी मी फोन केला.

"मी बोलतेय," म्हटलं.

"शनिवारची?"

"हो."

आम्ही दोघीही रडलो नाही. आधी तिने मुलांचं सांगितलं, मी शाळेचं. मग म्हणाली, "लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी स्वयंपाकघरात बेशुद्ध पडले. ह्यांना सगळं सांगावं लागलं. हे रडले. आणि मग म्हणाले, आईला कळायला नको. अजून कळलेलं नाही. ब्याण्णव वर्षांच्या आहेत."

"म्हणजे अजून लपूनच घेतेस?"

"न्हाणीघरात. दिवसाला चार. मला न्हाणीघर फार लागतं असं घरात सगळ्यांना वाटतं."

मी तिला पंपाचं सांगितलं, ती रेघ सांगितली. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. "सबंध दिवस?" एवढंच तिने विचारलं. "थालीपीठ खाऊन?" आणि मग इतक्या वर्षांपूर्वीसारखंच कोरडं म्हणाली, "मग जगतेस आता तू."

"तूही घे ना. डॉक्टरांना विचार."

"वाजतो का तो?"

"वाजतो. मध्येमध्ये."

"मग नको बाई. सासूबाईंना दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं."

फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "तुला लग्नाला येऊ नको म्हटलं ते..."

"जाऊ दे आता."

"जाऊ द्यायचं नाहीये मला. दर वेळी टोचताना आठवतं." चारदा दिवसाला, चोवीस वर्षं. मला वाटत होतं एकटी मीच आठवत बसले आहे.

दिवाळीत येते म्हणाली. दिवाळीत सासूबाई आजारी होत्या. मग मे महिन्यात म्हणाली, तेव्हा मुलाची परीक्षा निघाली. मी अमरावतीला जायचं तर कोण म्हणून जायचं, हे आमचं अजून ठरत नाही. ती अधूनमधून गच्चीवरून फोन करते, पापड वाळत घालायला गेली की.

मागच्या रविवारी फोन आला तेव्हा मी पोटावरची पट्टी बदलत होते. दर तीन दिवसांनी ती नव्या जागी लावायची असते. म्हटलं, थांब, स्पीकरवर टाकते.

"काय करतेयस ते सांग," ती म्हणाली. "एकेक."

मी सांगत गेले. जुनी काढली. जागा पुसली. आता सुकू देतेय. आता लावतेय.

"दुखलं?"

"थोडं. तीन दिवसांतून एकदाच."

"तीन दिवसांतून एकदा," ती म्हणाली. मग पलीकडे कोणीतरी हाक मारली, ती "आले आले" म्हणाली, मला नाही, आणि फोन बंद झाला. मी नळी जोडली, डबी खिशात सरकवली आणि फोन परत वाजतो का म्हणून थोडा वेळ तिथेच बसले.